पाणी तपासणीचं किट: शंभर चाचण्यांची पेटी आणि एक ओळखीची बाटली

ग्रामपंचायतीच्या कपाटात एक प्लास्टिकची पेटी असते. आत थेंबांच्या बाटल्या, दोन-तीन परीक्षानळ्या, रंगांचा तक्ता आणि वेगळ्या पुड्यात जिवाणू तपासणीच्या छोट्या बाटल्या. २०१९ मध्ये जल जीवन मिशन सुरू झालं आणि हे फील्ड टेस्ट किट गावोगावी आलं. प्रत्येक गावातल्या पाच महिलांना ते वापरायचं प्रशिक्षण द्यायचं, अशी त्यामागची योजना. पाड्यावर, जिथून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत नमुना पोचवायला अर्धा दिवस जातो, तिथे ही पेटी फार मोलाची आहे. पण तिच्यातली प्रत्येक बाटली सारख्या भरवशाची नाही. कोणती चाचणी निर्णय घेण्याइतकी पक्की, कोणती फक्त इशारा देणारी आणि कोणत्या वस्तूवर पैसे घालू नयेत, हे घेण्याआधीच कळलेलं बरं.

पेटीत साधारणपणे सामू (पीएच), गढूळपणा, जडपणा, अल्कता, क्लोराईड, फ्लोराईड, नायट्रेट, लोह आणि शिल्लक क्लोरीन (शुद्धीकरणानंतर पाण्यात उरलेला) इतकं असतं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पेट्यांत रसायनं थोडी बदलतात, तत्त्व तेच राहतं.

सुरुवात खरेदीपासूनच करू, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथेच वाया जातो. पेट्या बहुतेक वेळा प्रत्येक घटकाच्या शंभर चाचण्यांपुरत्या येतात. नियमाप्रमाणे एका स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जिवाणूंची दोनदा, म्हणजे पावसाळ्याआधी आणि नंतर करायची असते. गावात एक विहीर, दोन हापसे आणि एक नळयोजनेची बोअर असे चार स्रोत धरले, तर वर्षाला रासायनिक चाचण्या चार. फेरतपासणी धरून दहा म्हणा. उरलेल्या नव्वद चाचण्यांची रसायनं मुदत संपून कपाटात पडून राहतात आणि तिसऱ्या वर्षी कुणीतरी त्याच बाटल्यांनी ‘पाणी चांगलं आहे’ असं लिहून मोकळं होतं. म्हणून पुरवठादाराकडे दोन गोष्टींचा आग्रह धरा. एक, पंचवीस चाचण्यांचं पॅकिंग. दोन, बाटल्या सुट्ट्या पुन्हा मिळण्याची सोय. दोन्ही मिळत नसेल तर आसपासच्या सात-आठ गावांत मिळून एकच पेटी घ्या आणि ठरलेल्या आठवड्यात ती फिरवा. ताजी असलेली एक पेटी आठ शिळ्या पेट्यांपेक्षा कितीतरी चांगली.

पेटी हातात आली की बाटल्यांवरची मुदत पाहा आणि उघडल्याची तारीख मार्करने प्रत्येक बाटलीवर लिहा. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरच्या उन्हात पत्र्याचं कपाट भट्टीसारखं तापतं आणि त्या उष्णतेने रंगाची रसायनं मुदतीच्या आधीच खराब होतात. पेटी मातीच्या भिंतीच्या खोलीत, खाली, अंधारात ठेवा.

आता त्या ओळखीच्या बाटलीबद्दल. कोणत्याही पेटीत नसलेली, पण सगळ्यात गरजेची वस्तू म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं पाणी. रसायन खराब झालंय की पाणी चांगलं आहे, हे नुसत्या रंगावरून कधीच कळत नाही. तालुक्याच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागाकडून दोन द्रावणं करून घ्या. सोडियम फ्लोराईड ०.२२१ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून एक लिटर केलं की लिटरला १०० मिलिग्रॅम फ्लोराईडचं द्रावण होतं. त्यातलं दीड मिलिलिटर घेऊन १०० मिलिलिटरपर्यंत वाढवलं की १.५ चं पाणी तयार. नायट्रेटसाठी पोटॅशियम नायट्रेट ०.१६३ ग्रॅम एक लिटरमध्ये, म्हणजे १०० चं द्रावण; त्याचे ४५ मिलिलिटर १०० पर्यंत वाढवले की ४५ चं पाणी. फ्लोराईडचं द्रावण प्लास्टिकच्या बाटलीतच ठेवा, काचेच्या नाही. दोन्ही बाटल्यांवर मोठ्या अक्षरात ‘विष, पिऊ नये’ लिहा आणि कुलपात ठेवा. तपासणीच्या दिवशी पहिली नळी याच पाण्याची. १.५ चं पाणी तक्त्यावर १.५ च्या रंगाला आलं तरच पुढचे नमुने घ्यायचे. नाही आलं, तर त्या दिवशी फ्लोराईडची चाचणी बंद.

डिस्टिल्ड वॉटर पाड्यावर मिळत नाही. गाडीच्या बॅटरीत घालायचं पाणी चालतं, फक्त आधी टीडीएसच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायच्या, पेनने पाहा. आकडा शून्य ते पाचच्या आत असेल तर घ्या. काही ठिकाणी बॅटरीचं म्हणून साधं फिल्टरचं पाणी विकतात. त्यात पेन वीस-तीस दाखवतं.

फ्लोराईडची चाचणी हा या पेटीचा खरा जीव आहे. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडच्या किनवट भागात फ्लोराईडचा त्रास जुना आहे. बेसॉल्टपेक्षा ग्रॅनाईटसारख्या जुन्या खडकांतल्या बोअरना तो जास्त. फ्लोराईडला चव नाही, वास नाही, रंग नाही. पाणी नितळ आणि गोड लागतं आणि लहान मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे उमटतात. भारतीय मानकात (आयएस १०५००) लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं, असं आहे. नेमक्या याच दोन आकड्यांमधला फरक डोळ्यांनी ओळखणं सगळ्यात अवघड.

बहुतेक पेट्यांत झिर्कोनियम आणि एका रंगद्रव्याची जोडी असते. फ्लोराईड झिर्कोनियमला ओढून घेतं आणि रंग फिका पडत जातो किंवा गुलाबीकडून पिवळ्याकडे सरकतो. म्हणजे जितका बदल जास्त, तितकं फ्लोराईड जास्त. इथे चुका ठरलेल्या जागी होतात. पहिली मोजमापाची. दहा मिलिलिटर पाण्याला दोन मिलिलिटर रसायन सांगितलं असेल आणि रसायन थोडं कमी-जास्त पडलं, तर रंगच मुळात वेगळा येतो. थेंबाने घालायचं असेल तर बाटली सरळ उभी धरायची. तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात. दुसरी चूक तापमानाची. ओळखीचं पाणी सावलीत ठेवलेलं आणि नमुना थेट हापशाचा थंड, असं झालं की दोघांची तुलना चुकते. दोन्ही अर्धा तास शेजारी ठेवून मग चाचणी करा. तिसरी चूक क्लोरीनची. टीसीएल (पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर) टाकलेल्या टाकीचं पाणी असेल तर क्लोरीन रंग उडवतो आणि फ्लोराईड आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. म्हणून फ्लोराईडचा नमुना शक्यतो टाकीतून नाही, बोअरच्या तोंडाशी, टीसीएल पडायच्या आधी घ्या.

चौथी गोष्ट उजेडाची. नळी पांढऱ्या कोऱ्या कागदासमोर धरून, सावलीत, दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली पिवळा आणि नारिंगी यांच्यातला फरक कमी दिसतो. दोघींनी वेगवेगळं वाचून आकडा लिहायचा आणि मगच एकमेकींना दाखवायचा. लाल-हिरव्या रंगातला फरक न कळणं पुरुषांमध्ये बायकांपेक्षा बरंच जास्त असतं. रंग वाचायचं काम महिलांकडे आहे ही सोय म्हणूनही चांगली गोष्ट आहे.

रंग तक्त्याच्या शेवटच्या खान्याला गेला तर ‘३ पेक्षा जास्त’ असं लिहून थांबू नका. नमुना आणि बॅटरीचं पाणी समप्रमाणात मिसळा, पुन्हा चाचणी करा आणि आकडा दुप्पट करा. फ्लोराईडची तपासणी उन्हाळ्यात एकदा तरी करायलाच हवी. पावसाळ्यानंतरचं पाणी सौम्य असतं आणि तोच आकडा वर्षभर कागदावर राहतो.

१ आणि १.५ च्या मध्ये रंग अडकला, तर पेटीवर निर्णय घेऊ नका. नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवा. पेटीचं काम २० स्रोतांमधून संशयाचे चार बाजूला काढणं आहे आणि ते ती उत्तम करते. तालुक्याला किंवा वीस-पंचवीस गावांना मिळून एक हातात मावणारं डिजिटल कलरीमीटर (रंग मोजून आकडा दाखवणारं यंत्र) घेता आलं, तर फक्त फ्लोराईडसाठी ते घेण्यासारखं आहे. त्याची किंमत पेटीच्या कित्येक पट आहे, पण डोळ्याचा प्रश्न मिटतो.

नायट्रेटच्या चाचणीत जस्ताची पूड नायट्रेटचं नायट्राईट करते आणि मग गुलाबी रंग येतो. सोबतच्या चमच्याने काठोकाठ सपाट एक चमचा, जास्त नाही. पूड जास्त पडली की नायट्राईटही पुढे मोडतं आणि रंग फिका येतो; म्हणजे खराब पाणी चांगलं दिसतं. हलवण्याचा वेळ घड्याळावर मोजा. त्याहून मोठा धोका तक्त्यावर आहे. काही तक्त्यांवर आकडे नायट्रेट म्हणून दिलेले असतात, काहींवर नायट्रोजन म्हणून. मानक आहे ४५, नायट्रेट म्हणून. नायट्रोजन म्हणून तो आकडा होतो १०. नायट्रोजनच्या तक्त्यावर २० वाचून ‘४५ च्या आत आहे’ असं लिहिलं, तर प्रत्यक्षात पाण्यात नायट्रेट ८८ च्या पुढे आहे. तक्ता नायट्रोजनचा असेल तर पहिल्याच दिवशी प्रत्येक आकड्याला ४.४३ ने गुणून शेजारी पेनने लिहून ठेवा. वरच्या दुधावर असलेल्या बाळाच्या घरात हा आकडा फार महत्त्वाचा असतो. आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही. पाणी आटतं तसं ते उलट वाढतं.

जडपणा आणि क्लोराईड या थेंब मोजायच्या चाचण्या. जडपण्यात द्राक्षारसासारखा लाल रंग निळा होईपर्यंत, क्लोराईडमध्ये पिवळा रंग विटकरी होईपर्यंत थेंब घालायचे आणि थेंबांना दिलेल्या आकड्याने गुणायचं. या दोन्ही पेटीतल्या सगळ्यात भरवशाच्या चाचण्या. डाळ शिजत नाही ही तक्रार जडपण्याची आहे, एवढं सांगायला त्या पुरतात.

लोहाची चाचणी जागेवरच करा. हापशाचं पाणी बाटलीत भरून अर्ध्या तासाने तपासलं तर लोह गंजासारखं खाली बसलेलं असतं आणि वरच्या पाण्यात ते सापडत नाही. हापसा आधी पाच मिनिटं मारा, नाहीतर मोजलं जातं ते जुन्या पाइपाचं गंजलेलं पाणी. गढूळपणाच्या तक्त्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. मानकातला चांगला आकडा १ आहे आणि डोळ्यांना ५ च्या खालचं काही दिसत नाही.

जिवाणूंच्या छोट्या बाटल्या या पेटीचा दुसरा आधार. ही चाचणी आपल्याकडची आहे. १९८२ मध्ये मांजा, मौर्य आणि राव या भारतीय संशोधकांनी ती मांडली. बाटलीत कागदाच्या पट्टीवर सुकवलेलं खाद्य असतं. विष्ठेसोबत पाण्यात येणारे काही जिवाणू त्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात आणि लोहाशी मिळून तो काळा होतो. झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा बाटलीच्या तोंडाला बोट न लावता खुणेपर्यंत, बहुधा २० मिलिलिटर, पाणी भरायचं. पट्टी भिजेल असं हलवायचं आणि ३० ते ३७ अंशांत ठेवायचं. २४ तासांत आधी पट्टीभोवती आणि तळाशी राखाडी धूर पसरल्यासारखं दिसतं, मग सगळी बाटली शाईसारखी काळी होते. ४८ तासांतही रंग तसाच राहिला तर दूषितपणाची खूण मिळाली नाही, असं लिहायचं.

हिवाळ्यात इथेच चूक होते. मेळघाटात डिसेंबरच्या रात्री खोलीत बाटली ठेवली, तर जिवाणू वाढतच नाहीत आणि पाणी चांगलं ठरतं. थर्माकोलच्या डब्यात गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ बदला, शेजारी साधा तापमापक. किंवा बाटली कापडी पट्ट्याने पोटाशी बांधून ठेवा. शरीराची उष्णता अगदी योग्य असते.

उलट फसवणूकही होते. सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या बोअरचं पाणी टाकलं की बाटली तास-दोन तासांतच काळी होते. तो जिवाणूंचा काळा रंग नाही, पाण्यात आधीपासून असलेल्या सल्फाइडचा आहे. म्हणून भरल्यावर दोन तासांनी एकदा बाटली पाहून वेळ लिहून ठेवा. अशा बोअरचा नमुना प्रयोगशाळेतच पाठवायचा.

तिसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. जिवाणूंचं मानक १०० मिलिलिटर पाण्यासाठीचं आहे आणि बाटली २० ची. १०० मिलिलिटरमध्ये पाच जिवाणू असतील, तर २० च्या बाटलीत सरासरी एक येतो आणि तीनपैकी एका वेळी एकही येत नाही. म्हणजे दूषित पाणीही तीनातून एकदा ‘चांगलं’ निघतं. त्यामुळे महत्त्वाच्या स्रोताच्या एका वेळी पाच बाटल्या भरा. मिळून १०० मिलिलिटर होतात. पाचही तशाच राहिल्या तरच समाधान माना. एक काळी झाली तर १०० मिलिलिटरला साधारण एक, दोन झाल्या तर अडीच, तीन झाल्या तर साडेचार, चार झाल्या तर आठ आणि पाचही काळ्या तर आठपेक्षा जास्त, असा ढोबळ अंदाज निघतो. टीसीएल टाकण्यापूर्वी आणि नंतर अशी तुलना करायला हे फार उपयोगी पडतं. २००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आढाव्यानेही या चाचणीच्या मर्यादा दाखवल्या आहेत, पण गावात तिच्याइतकी स्वस्त आणि सोपी दुसरी नाही. पाच कप्प्यांच्या परदेशी पिशव्या थेट ई. कोलाय हा विष्ठेतला जिवाणू दाखवतात आणि चांगल्या आहेत, पण दर वेळी मागवणं गावाला परवडत नाही.

शिल्लक क्लोरीनसाठी आपल्याकडे ‘ओटी’ सवयीची आहे: दोन थेंब, पिवळा रंग. जलसुरक्षकाला ती पाठ असते. तरी बदलता आली तर बदला. ओटी हे ऑर्थोटोलिडीन विषारी आहे, हाताला लागू नये. शिवाय ती पहिल्या पाच-दहा सेकंदांतच वाचावी लागते. उशीर झाला की इतर स्वरूपातला क्लोरीनही मिसळतो आणि आकडा फुगतो. त्याऐवजी डीपीडी या रसायनाची एक नंबरची गोळी घ्या. १० मिलिलिटर पाण्यात चुरायची, एका मिनिटात गुलाबी रंग वाचायचा. गोळी बोटांनी हाताळू नका, फॉइलमधूनच नळीत टाका. शेवटच्या घराच्या नळाला ०.२ तरी यायला हवा. रंग क्षणभर गुलाबी होऊन उडाला, तर क्लोरीन नाही असं समजू नका. तो इतका जास्त आहे की त्याने रंगच खाल्ला. पाणी दहा पट पातळ करून पुन्हा बघा.

पुन्हा पुन्हा शून्यच येत असेल तर आधी टीसीएलच्या पोत्याकडे पाहा. चांगल्या पावडरमध्ये क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. हजार लिटरला पाच ग्रॅम टाकलं तर लिटरला १.६ मिलिग्रॅम मिळतो. तीच पावडर ओल लागून १५ टक्क्यांवर आली की ०.७५ च मिळतो आणि तो पाण्यातल्या घाणीतच संपतो.

टीडीएसचं पेन पेटीत नसतं, पण वेगळं नक्की घ्या. खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यात, कोणत्या बोअरचं पाणी प्यायचं हे ते दहा सेकंदांत सांगतं. मानक ५०० आहे, पर्याय नसेल तर २०००. पण पेन प्रत्यक्षात मोजतं ती विद्युतवाहकता आणि मग कशाने तरी गुणतं. १४१३ मायक्रोसिमेन्सचं (हे वाहकतेचं एकक) प्रमाण द्रावण ०.५ ने गुणणारं पेन ७०७ दाखवतं आणि ०.७ ने गुणणारं ९८९. त्यामुळे वाहकताही दाखवणारं पेन निवडा, १४१३ च्या द्रावणात महिन्यातून एकदा तपासा आणि वहीत वाहकताच लिहा. पेनचा आकडा कमी म्हणजे पाणी चांगलं, हा समज घातक आहे. ६०० टीडीएसच्या पाण्यात ३ मिलिग्रॅम फ्लोराईड असलं तरी पेनला ते जवळजवळ कळत नाही आणि जिवाणू तर मुळीच नाही.

सामूसाठी मात्र पेन नको. त्याचा काचेचा गोळा ओला ठेवावा लागतो, तोही साध्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात नाही, पोटॅशियम क्लोराईडच्या द्रावणात. गावात ते होत नाही आणि पेन वर्षभरात वाकडं बोलू लागतं. पेटीतला थेंबाचा सामू पुरेसा आहे.

ऑनलाइन मिळणाऱ्या ‘एकात सोळा’ कागदी पट्ट्या घेण्याआधी डबीवरचा तक्ता वाचा. फ्लोराईडच्या खान्यात शून्यानंतरची पायरी २५ असेल, तर १.५ चा प्रश्न ती पट्टी सोडवूच शकत नाही. सोळातले सोळा खाने हिरवे-निळे दिसले म्हणून घरचे निर्धास्त होतात, हेच तिचं नुकसान.

प्रयोगशाळेत पाठवायचा रासायनिक नमुना एक लिटरच्या स्वच्छ प्लास्टिक कॅनमध्ये, त्याच पाण्याने तीनदा विसळून, काठोकाठ भरा. जिवाणूंचा नमुना प्रयोगशाळेकडून मिळालेल्या निर्जंतुक बाटलीतच. ती विसळायची नाही आणि वर थोडी जागा सोडायची. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत पोचवा, २४ तासांच्या वर नको. काळ्या झालेल्या बाटल्यांत टीसीएलचं दाट द्रावण किंवा जंतुनाशक ओतून तासभर ठेवा आणि विहिरीपासून दूर खड्ड्यात रिकाम्या करा. क्लोराईडच्या नळीतलं पिवळं-विटकरी पाणी मात्र खड्ड्यातही ओतायचं नाही. त्यात क्रोमेट असतं. ते वेगळ्या कॅनमध्ये साठवून पुढच्या नमुन्यासोबत प्रयोगशाळेत द्या.